पासबुकात ३१ हप्ते, खात्यात १९. मी त्याच पोस्टात काम करते. तक्रार कुठे आणि कशी करू?

डाकसेविका_नाशिक · १२ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या शाखा डाकघरात एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा डाकपाल आहे. गाव, तालुका लिहीत नाही. खालचे आकडेही थोडे फिरवले आहेत, कारण आमच्या पोस्टात माणसं दोनच आणि त्यातली एक मी. गोष्ट मात्र जशी घडली तशीच सांगते.

दहावीच्या मार्कांवर यादीत नाव लागलं, तीन वर्षांपूर्वी हजर झाले. टपाल वाटायचं, सबऑफिसहून (आमच्या वरच्या पोस्टातून) बॅग आणायची-न्यायची, आणि तात्या रजेवर गेले की ऑफिस सांभाळायचं, हे माझं काम. तात्या म्हणजे आमचे बीपीएम, शाखा डाकपाल. त्यांची सव्वीस वर्षं झाली या कामात. पोस्ट त्यांच्याच घराच्या पडवीत आहे. डेली अकाउंट कसं लिहायचं, बॅगेला सील कसं लावायचं, सगळं त्यांनी शिकवलं. काकूंनी पहिल्या वर्षी मला कधी डबा आणू दिला नाही.

आमच्याकडच्या बायका हंगामात द्राक्षबागांमध्ये जातात. छाटणी, विरळणी, मग पॅकिंग. त्या रोजातून महिन्याला पाचशेची आरडी, म्हणजे दरमहा हप्ता भरायचं पाच वर्षांचं बचत खातं. डिसेंबरात एका मावशीने मला रस्त्यात थांबवलं. म्हणाली, "पोरी, माझ्या भाचीला पैसे भरले की मोबाईलवर मेसेज येतो. मला कसा येत नाही?" म्हटलं, नंबर जोडलेला नसेल, पासबुक द्या, उद्या बॅग घेऊन जाते तेव्हा विचारते. पासबुक तिच्याकडे होतं हेही नशीब. आमच्या गावात बहुतेकींची पासबुकं तात्यांच्याच कपाटात असतात. घरात पोरं फाडतात, उंदीर कुरतडतात, म्हणून बायकाच ठेवून देतात. मावशीने भाचीला दाखवायला म्हणून मागून आणलं होतं.

सबऑफिसात काउंटरवरच्या दादांनी खातं उघडून दाखवलं. पासबुकात ३१ हप्ते, प्रत्येकापुढे सही आणि तारखेचा शिक्का. संगणकात १९. शेवटचा हप्ता डिसेंबर २०२३ चा. पुढे काही नाही, खातं डिसकंटिन्यू, म्हणजे हप्ते थकल्याने बंद पडलेलं. मी पासबुक पिशवीत टाकलं आणि बाहेर आले. दादांनी काही विचारलं नाही. मीही बोलले नाही.

एसटीत खिडकीशी बसून ती पानं किती वेळा उलटली, सांगता येणार नाही. आधीच्या नोंदी वेगवेगळ्या पेनांच्या, कुठे शाई फिकी, कुठे गडद. जानेवारीनंतरच्या नोंदी तीन-तीन ओळी एकाच पेनाच्या, एकाच दमात लिहिलेल्या. आणि जुलैतला एक शिक्का रविवारचा. मोबाईलच्या कॅलेंडरवर दोनदा बघितलं. रविवारीच होता. रविवारी आमचं ऑफिस उघडत नाही.

मग बाकीचंही डोळ्यांपुढे यायला लागलं. या बायकांना डिव्हाइसची (नोंद करायच्या हातातल्या यंत्राची) छापील पावती कधी दिलेली मी पाहिली नाही. खाती उघडायचे फॉर्म मीच भरून दिले होते. त्यातल्या सात फॉर्मवर मोबाईल नंबर एकच आहे आणि तो तात्यांच्या घरातला आहे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. बायकांकडे फोन नसतो, तात्यांनी सोय केली असेल असं वाटलं.

पंधरा दिवस झाले, मला नीट जेवण जात नाही. शाखा डाकघरं तपासायला मेल ओव्हरसियर येतात ते तात्यांच्या ओट्यावर चहा घेऊन जातात, त्यांना सांगू का? निनावी पत्र चालतं का? तात्या रजेवर असताना ऑफिस मी चालवलं आहे, मग हे माझ्यावरही येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या बायकांचे पैसे मिळतील का? दोघींनी मुलींसाठी सुकन्या समृद्धीचं खातंही तात्यांकडेच काढलं आहे. ती पासबुकं मी अजून पाहिलेली नाहीत. बघायची भीती वाटते.

---

सायकल_आणि_बॅग · १२ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, मीही जीडीएस (ग्रामीण डाक सेवक), दुसऱ्या जिल्ह्यातला. एकच सांगतो, तोंडी कोणाला काही बोलू नका. माझ्या शेजारच्या ऑफिसात एकाने दोन महिन्यांचं टपाल वाटलंच नव्हतं. आधारची पाकिटं, बँकेच्या नोटिसा, एका पोराचं नोकरीचं बोलावणं, सगळं गोठ्यात पोत्यात भरून ठेवलेलं. मी ओव्हरसियरला चहाच्या टपरीवर सांगितलं. संध्याकाळी तोच माणूस माझ्या दारात उभा. पुढे मी असं काही बोललोच नाही म्हणायची पाळी माझ्यावर आली, कारण कागद नव्हता. त्या पोराची मुलाखत तर केव्हाच होऊन गेली होती. अजून मला त्याचं तोंड आठवतं.

---

बांधावरून · १३ जानेवारी, सकाळी ७:१०

मी पोस्टातला नाही, शेतकरी आहे. पण सव्वीस वर्षं गावाची सेवा केलेल्या माणसावर परस्पर अर्ज करण्याआधी एकदा समोर बसून विचारायला नको का? दोन वर्षं अवकाळीने बागा झोडपल्या. कोणाच्या घरात काय अडचण आहे, सांगता येत नाही. माणूस अडचणीत पैसे फिरवतो आणि परत भरतोही. एकदा बोलून बघा. पोलिसांची गाडी दारात आली की ते घर गावातून उठतं.

---

जुना_शिक्का · १३ जानेवारी, सकाळी ११:०५

मुली, मी उपडाकपाल म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं या खात्यात काढली आणि अशा तीन प्रकरणांत पासबुकं तपासायला गावोगाव फिरलो आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या शेतकरी भाऊंचं मन मला कळतं. पण तात्यांशी आधी बोलू नकोस. तू बोललीस की त्या कपाटातली पासबुकं त्याच रात्री इकडची तिकडे होतील. मी हे पाहिलं आहे. एका गावात आम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशी "पावसात भिजली" म्हणून अठरा पासबुकं चुलीत गेली होती. पासबुक गेलं की त्या बाईकडे पुरावा उरत नाही. आणि पैसे फिरवून परत भरणं हाही आपल्या खात्यात गुन्हाच धरतात. सरकारी पैसा एक दिवस जरी खिशात राहिला तरी तो अपहारच.

आता तुझी भीती. तू गप्प राहिलीस तर ती खरी होईल. आपल्या खात्यात मुख्य गुन्हेगाराबरोबर सब्सिडियरी ऑफेंडर, म्हणजे दुय्यम दोषीही शोधतात. कोणाला दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, कोणाला दिसूनही बोलला नाही. वरच्या सबऑफिसच्या माणसांना सुद्धा रूल १६ ची, म्हणजे शिस्तभंगाची नोटीस जाते, पगारातून रिकव्हरी लागते. खरं सांगायचं तर म्हणूनच आपल्याकडे कोणी तोंड उघडत नाही. ज्याने पहिल्यांदा पकडलं त्यालाच विचारतात की इतके दिवस काय करत होतास. ही पद्धत चुकीची आहे असं मी नोकरीत असतानाही म्हणत होतो. पण ती आहे, तेव्हा तुझ्याकडे तारीख घातलेला कागद हवा. कोणत्या दिवशी काय दिसलं ते आजच वहीत लिहून ठेव. तू ज्या दिवशी ऑफिस चालवलंस त्या दिवसांचं डेली अकाउंट तुझ्याच अक्षरात आहे, त्याची काळजी करू नकोस. ऑफिसचं कुठलंही रजिस्टर घरी नेऊ नकोस, त्याचे फोटोही काढू नकोस. पासबुक मात्र त्या बाईचं आहे, तिच्या परवानगीने फोटो काढायला हरकत नाही.

अर्जात कोणाला चोर म्हणू नकोस. ब्रिटनमध्ये काय झालं ते ऐक. तिथल्या पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या हिशोबात तूट दिसायची आणि त्यावर विश्वास ठेवून आपल्यासारख्याच लहान पोस्टमास्तरांवर चोरीचे खटले भरले. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरंदारं गेली. चूक प्रणालीची होती. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडेही नेटवर्क नसलं की नोंद आधी पासबुकात आणि नंतर डिव्हाइसवर असं होतं. सलग बारा महिने होत नाही, पण ते ठरवणं तुझं काम नव्हे. "पासबुकात ३१ नोंदी, खात्यात १९, शेवटचा जमा हप्ता अमुक महिन्याचा" एवढंच लिही. आकडे आणि तारखा.

पैशांबद्दल. पासबुकात बीपीएमची सही आणि ऑफिसचा शिक्का असेल तर ते पैसे त्या बाईने पोस्टाला दिले, तात्याला नव्हे. चौकशीत सिद्ध झालं की पोस्ट खातं क्लेम मंजूर करून भरपाई देतं. २०२२ मध्ये किसान विकास पत्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या गैरव्यवहाराला पोस्ट खातं जबाबदार आहे. वेळ लागतो. पण मिळतात.

माझा सल्ला असा. या बायकांनाच पुढे होऊ दे. चार-पाच जणींनी आपापली पासबुकं मागून घ्यावीत, बाजारच्या दिवशी सबऑफिसात जाऊन बॅलन्स विचारावा आणि फरक निघाला की तिथेच लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. खातेदाराचा लेखी अर्ज आला की सबपोस्टमास्तरला तो दाबता येत नाही, वर कळवावंच लागतं. त्यात तुझं नाव कुठेच येत नाही.

---

नाशिकरोडकर · १३ जानेवारी, दुपारी ३:३०

काकांचं सगळं बरोबर, पण एक रस्ता राहिला. माझे वडील इथल्या प्रेसमध्ये होते, तिकिटं आणि पोस्टल ऑर्डर छापायचं काम. त्यामुळे पोस्टाविषयी घरात आपुलकीच आहे, आणि म्हणूनच असं काही वाचलं की जिवाला लागतं.

ताई, निनावी पत्र टाकू नका. निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारीवर कारवाई होत नाही, फाईल बंद होते. तुमच्यासारख्या आतल्या माणसासाठी केंद्रीय दक्षता आयोगाची पीआयडीपीआय म्हणून वेगळी वाट आहे, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणारी. बिहारात महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे इंजिनीअर सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. तरी ते पत्र त्यांच्या नावासकट इकडून तिकडे फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने हा ठराव केला. २०१४ मध्ये संसदेने कायदाही मंजूर केला, पण तो अजून लागू केलेला नाही. आजही आधार त्या ठरावाचाच आहे.

करायचं असं. तक्रार कागदावर, ई-मेल नाही. पाकीट चिकटवून बंद. वर ठळक अक्षरात पीआयडीपीआय. पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. स्वतःचं नाव-पत्ता पाकिटावर अजिबात नाही, फक्त आतल्या कागदावर, सुरुवातीला किंवा शेवटी. अशा पाकिटासाठी पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल मागायचा नाही अशा सूचना पोस्ट खात्यानेच सगळ्या डाकघरांना दिल्या आहेत. काउंटरवर कोणी अडलं तर शांतपणे तेवढं सांगा. पोच येणार नाही, ती येतच नाही. आणि ही तक्रार दुसरीकडे कुठेही स्वतःच्या नावाने पाठवू नका, नाहीतर गुप्ततेला अर्थ राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात तुमचं प्रकरण वेगळं आहे. आयोग खातरजमेसाठी तक्रारदाराला पत्र पाठवतो, की हे तुम्हीच लिहिलं ना. त्याला ३० दिवसांत उत्तर नाही गेलं तर तक्रार तिथेच थांबते. ते पत्र तुमच्या गावच्या पत्त्यावर आलं तर कोणत्या बॅगेतून येईल आणि ती बॅग कोण उघडेल, विचार करा.

---

डाकसेविका_नाशिक · १३ जानेवारी, रात्री ८:५५

हे वाचून अंगावर काटा आला. बॅग तात्याच उघडतात. मी रोज समोर बसलेली असते. माझे मामा नाशिकला राहतात, त्यांचा पत्ता देईन.

बांधावरून भाऊ, तुम्ही लिहिलंत ते मी स्वतःशी शंभरदा म्हटलं आहे. पण काल मावशीच्या घरी गेले होते. तिने विचारलं, "पोरी, पाच वर्षांचे किती मिळतील गं?" पुढच्या वर्षी मुलीला नर्सिंगला घालायचंय म्हणाली. हात बघितले तिचे. छाटणीच्या कात्रीने अंगठ्याजवळ घट्टा पडलाय, त्यात माती बसलेली. मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही. तात्यांची अडचण असेल. पण त्यांनी मागितले असते तर गावाने दिले असते. या बायकांना कोणी विचारलंच नाही.

---

आत्याचा_भाचा · १४ जानेवारी, सकाळी ९:१५

माझ्या आत्याचे एका गावच्या पोस्टात असेच पैसे गेले होते. गावाचं नाव घेत नाही, आता तिथे दुसरी चांगली माणसं आहेत. परत मिळाले, पण चौदा महिने लागले. तिच्या शेजारणीला त्याहून वर्ष जास्त लागलं. फरक एवढाच की "तपासायला नेतो" म्हणून कोणीतरी आलं आणि शेजारणीने पासबुक नुसतं हातात दिलं. पावती नाही. नंतर कोणी नेलं, कधी नेलं, काहीच सांगता येईना.

मावशींना एवढं पक्कं सांगा की पासबुकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत फोटो, आणि साहेब असो की आणखी कोणी, हातात छापील पावती पडल्याशिवाय पासबुक सोडायचं नाही. सुकन्याचीही पासबुकं बघा ताई. ती भीती बाजूला ठेवा. त्या पोरींचे पैसे आहेत.

---

डाकसेविका_नाशिक · २ फेब्रुवारी, रात्री १०:५०

बरंच झालंय, थोडक्यात लिहिते.

मावशीने काहीही गाजावाजा न करता आणखी चौघींना तयार केलं. कर्जासाठी बँकेत दाखवायचंय म्हणून तात्यांकडून पासबुकं मागून घेतली. बुधवारी बाजाराला म्हणून एसटीने गेल्या. पाचही जणींच्या खात्यात फरक निघाला. सगळ्यात जास्त १६ हप्ते. सुकन्याच्या एका खात्यात तर दोन वर्षांत पैसाच नाही, पासबुकात मात्र दर तीन महिन्यांनी हजार. तिथल्या सबपोस्टमास्तर मॅडमनी अर्ज घेतले, प्रतींवर शिक्का मारून दिला आणि बायकांना पाणी विचारलं. मी त्या दिवशी टपाल वाटत होते. मुद्दाम लांबच्या वस्तीवर गेले.

तिसऱ्या दिवशी गावात बोलणं सुरू झालं, "कशाला वाढवता, मिटवून घ्या." हे कुठून आलं ते लिहीत नाही. आणि काल रात्री तात्या स्वतः मावशीच्या घरी गेले. सहा हजार रुपये बाजेवर ठेवले. म्हणाले, "चूक झाली, मोजून घे, अर्ज तेवढा मागे घे." मावशीने पैशांना हात लावला नाही, पण परत घेऊन जा असंही तिला म्हणता येईना. ते बाजेवर पैसे ठेवूनच गेले. सकाळी ती माझ्याकडे आली, पदराच्या गाठीत तशीच ती पुडी. "काय करू गं? माझेच आहेत ना हे?"

काका, काय सांगू तिला?

---

जुना_शिक्का · ३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

तिचेच आहेत, पण असे घेऊ नयेत. तिने घेतले की तिचा अर्ज संपला, आणि बाकीच्या चौघी उघड्यावर पडल्या. वर उद्या "देणंघेणं खासगी होतं" असं म्हणायला जागा. ती पुडी आजच्या आज दोन माणसांसमोर मोजून, नोटांची संख्या कागदावर लिहून ठेवा आणि सबऑफिसात घेऊन जा. तात्यांना पैसे भरायचेच असतील तर ते सरकारात भरावेत, पावतीवर, यूसीआर (अनक्लासिफाइड रिसीट) म्हणून जमा होतात. त्यातून त्यांचाही थोडा बचाव होतो, हेही त्यांना कोणीतरी सांगा. मावशीचे पैसे तिच्या खात्यातूनच येतील, व्याजासकट.

मिटवून घ्या असं कोणी सांगत असेल तर आता नाशिकरोडकरांचं पाकीट जाऊ दे.

---

डाकसेविका_नाशिक · ३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पुडी दिली. बारा नोटा पाचशेच्या. मॅडमनी लिहून घेतलं.

पाकीटही गेलं. शहरातल्या एका पोस्टात गेले. मी पोस्टातलीच, तरी रांगेत उभं राहताना पाय लटपटत होते. काउंटरवरच्या बाईंनी पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. मी वरची अक्षरं दाखवली आणि म्हटलं, याला लागत नाही. त्यांनी एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वजन करून पावती दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पाकीट ट्रेमध्ये टाकलं ते पत्त्याची बाजू खाली करून.

---

नाशिकरोडकर · ३ फेब्रुवारी, रात्री १०:०२

शाबास ताई. मामांना सांगून ठेवा, दिल्लीचं पत्र आलं की फोन, आणि पाकीट न उघडता ठेवायचं. आणि आता या धाग्यावर तारखा, वार लिहिणं थांबवा. गाव लहान आहे.

---

डाकसेविका_नाशिक · ९ मार्च, रात्री ९:१५

तारखा लिहिणार नाही, पण तुम्हा सगळ्यांना कळवल्याशिवाय राहवत नाही.

तात्या पुट ऑफ आहेत, म्हणजे चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. इन्स्पेक्टर साहेब आणि दोन ओव्हरसियर आले. मारुतीच्या पारावर टेबल टाकून गावातली सगळी पासबुकं मागवली. दवंडी दिली, शाळेतही सांगितलं. पहिल्याच दिवशी ४३ आली. मावशी रांगेत पहिली होती. साहेबांनी हात पुढे केला तर तिने पासबुक छातीशी धरलं आणि म्हणाली, "आधी पावती फाडा." साहेब हसले नाहीत. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं, तिचं नाव लिहिलं, पासबुकाचा नंबर लिहिला, सही केली. मग तिने दिलं. तिच्यामागे उभी असलेली प्रत्येक बाई तेच म्हणाली.

काकू दोन दिवस दार लावून होत्या. मी गेले होते भेटायला. त्यांना काही माहीत नव्हतं, असं मला वाटतं. मला बघून त्या रडल्या आणि मीही. काय बोलायचं ते सुचलं नाही. अजूनही मनावर ते ओझं आहे. बांधावरून भाऊ, तुम्ही म्हणाला होतात ते घर, त्याचं मी काय करू, मला कळत नाही. गावातले काही लोक माझ्याशी बोलत नाहीत. माझं नाव कोणाला माहीत नाही, पण संशय आहे.

सध्या चार्ज माझ्याकडे आहे. पोस्ट ग्रामपंचायतीच्या एका खोलीत हलवलंय. प्रत्येकीला डिव्हाइसची पावती देते आणि ती पासबुकात पिनने लावून ठेवायला सांगते. मोबाईल नंबर एकेकीचा बदलून घेतेय. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा मुलीचा किंवा सुनेचा, पण घरातलाच.

काका, एक विचारायचं होतं. वस्तीवरची एक आजी आज पासबुक घेऊन आली. गेल्या पावसात घर गळलं, पासबुक भिजलं. चार पानं एकमेकांना चिकटलीत, शिक्के पुसट झालेत, सही मात्र दिसते. हे पासबुक चालेल का? ती विचारत होती की फेकून देऊ का.

---

बांधावरून · ९ मार्च, रात्री ९:५०

ताई, मी तेव्हा जे लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. त्या बाजेवरच्या पुडीचं वाचलं आणि माझ्या आईची आरडीची वही आठवली. काकूंकडे जात राहा. ते घर उठू देऊ नका, पण बायकांचे पैसेही सोडू नका.

---

जुना_शिक्का · १० मार्च, सकाळी ६:०५

फेकू देऊ नकोस. पानं ओढून सुटी करू नकोस, फाटतील. आहे तसंच सावलीत ठेव.  शिक्का पुसट असला तरी सही, रक्कम आणि शिल्लक दिसली तर ते पासबुक तपासात घेतात. आजीकडून साक्षीदारासह जबाब लिहून घ्यायला साहेबांना सांग. दर महिन्याला कोण पैसे घेऊन यायचं, कोणत्या दिवशी, कोणासमोर. म्हाताऱ्या माणसांना हे पक्कं आठवतं.

आणि आजीला पावती दिलीस ना?